वाचकांचे प्रश्न: मीठ आत जायला साखर कशाला लागते?

गेल्या अंकात पेशीपटलावर लिहिलं होतं, म्हणजे प्रत्येक पेशीभोवतीचं ते पातळ आवरण आणि त्यातून काय जातं, काय अडतं याबद्दल. त्यावर बरेच प्रश्न आलेत. सगळे घेता येणार नाहीत. ज्यांचा रोजच्या औषधपाण्याशी संबंध आहे ते आधी घेतलेत, आणि अभ्यासाचा एक घेतलाय, कारण तो कळला की पुढचे सोपे जातात.

प्रश्न: मी अकरावी सायन्सला आहे. पेशीपटल काही पदार्थ सोडतं आणि काही अडवतं असं पुस्तकात आहे, पण हे ठरवतं कोण? आणि एवढं पातळ पटल फाटत कसं नाही? (विद्यार्थिनी, सांगली)

ठरवणारं तिथे कोणी बसलेलं नाहीये, सगळं काम तेल आणि पाणी यांच्या स्वभावावर चालतं. पटल मुख्यतः फॉस्फोलिपिडच्या रेणूंचं असतं. प्रत्येक रेणूला एक डोकं असतं जे पाण्यात रमतं, आणि दोन शेपट्या असतात ज्यांना पाणी अजिबात चालत नाही. पेशीच्या आत पाणी आणि बाहेरही पाणी, मग हे रेणू आपसूक दोन थरांत उभे राहतात, डोकी दोन्हीकडे पाण्याच्या बाजूला आणि शेपट्या मध्ये एकमेकींकडे वळलेल्या, म्हणजे मधला पट्टा निव्वळ तेलकट. या दुहेरी थराची जाडी साधारण ५ नॅनोमीटर, प्रथिनं धरली तर ७-८.

आता या तेलकट पट्ट्यातून कोण जाणार, तर ज्याला तेलात विरघळता येतं तो. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल, स्टेरॉइड हार्मोन्स, ऑपरेशनच्या वेळी देतात ते भुलीचे गॅस, हे सगळे सरळ आत शिरतात, त्यांना कोणाची मदत लागत नाही. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांच्यावर विद्युतभार असतो आणि अंगाला पाण्याचे रेणू चिकटलेले असतात, ते पाणी सोडून तेलात घुसणं त्यांना परवडतच नाही. ग्लुकोजवर भार नाही पण तेही पाण्याला धरून राहणारं आणि आकाराने मोठं, म्हणून तेही अडतं. ओव्हर्टन नावाच्या संशोधकाने १८९० च्या दशकातच वनस्पतींच्या पेशींवर शेकडो पदार्थ लावून पाहिले होते आणि जो पदार्थ तेलात जास्त विरघळतो तो लवकर आत जातो हे त्याला दिसलं होतं, तेव्हा पटल नेमकं कशाचं बनलंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

फाटण्याबद्दल. हे रेणू एकमेकांना बांधलेले नसतात, तरीही पटल टिकतं, कारण भोक पडलं तर शेपट्या पाण्यासमोर उघड्या पडतात आणि ते टाळायला कडा परत जुळून येतात. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, इक्सी करताना बारीक काचेच्या सुईने स्त्रीबीजाचं पटल टोचून शुक्राणू आत सोडतात आणि सुई काढली की पटल परत मिटतं, त्यातून मुलं जन्माला येतात! शिवाय हे पटल स्थिर नाही, वाहतं असतं. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडून एक केली, दोघांच्या प्रथिनांना वेगवेगळे रंग लावले, आणि ३७ अंशाला साधारण ४० मिनिटांत दोन्ही रंग एकमेकांत मिसळून गेले, थंडीत ठेवलं तर मिसळले नाहीत. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, सिंगर आणि निकोल्सन यांनी अशा वाहत्या पटलाचं जे मॉडेल मांडलं ते तुझ्या पुस्तकात आहेच.

परीक्षेसाठी एक सांगते, पदार्थ कसा जातोय हे ओळखायला दोनच प्रश्न विचार. जास्तीकडून कमीकडे चाललाय का? प्रथिनाची मदत लागतेय का? पाठांतर निम्मं कमी होईल.

प्रश्न: माझ्या दीड वर्षाच्या मुलाला जुलाब झाले होते. डॉक्टरांनी ओआरएस सांगितलं. सासूबाई म्हणाल्या साखर नको, साखरेने जुलाब वाढतात, नुसतं मीठपाणी दे. नणंद म्हणाली मेडिकलमध्ये खोक्यातलं गोड मिळतं ते मुलं आवडीने पितात. खरं कोणाचं? (एक आई, परभणी)

ताई, डॉक्टरांचं. पण सासूबाईंच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, ते पुढे येईलच. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून सविस्तर लिहिते.

मूल जुलाबात पाणी गमावतं तेव्हा नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. पाणी आतड्यातून रक्तात परत यायचं तर ते स्वतःहून येत नाही, मीठ आणि साखर ज्या बाजूला गेली त्या बाजूला ते मागोमाग जातं. म्हणजे आधी सोडियम आतड्याच्या पेशीत शिरायला पाहिजे, आणि वर सांगितलं तसं सोडियमला तेलकट पटलातून वाट नाही, त्याला प्रथिनच लागतं. आतड्याच्या पेशींवर असं एक प्रथिन आहे, एसजीएलटी-१. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकदम धरतं आणि एकदमच आत सोडतं. नुसतं सोडियम आलं तर नाही, नुसतं ग्लुकोज आलं तरी नाही. बँकेच्या लॉकरला आपली आणि बँकेची अशा दोन्ही चाव्या लागतात तसं. म्हणून नुसतं मीठपाणी दिलं तर या वाटेने त्यातलं मीठ आत जात नाही, ते बरंचसं आतड्यातच राहतं आणि जुलाबावाटे निघून जातं.

आता तुम्ही म्हणाल की जुलाबात आतडंच बिघडलेलं असतं, मग हे प्रथिन चालतं कसं? तर याचं उत्तर कॉलऱ्याच्या अभ्यासातून मिळालं. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं की कॉलऱ्याचा जंतू आतड्यात एक विष सोडतो. हे विष पेशीतल्या क्लोराइडच्या वाटा उघड्या ठेवतं, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत ओतलं जातं, त्यामागे सोडियम आणि पाणी, माणूस काही तासांत वाळून जातो. मीठ शोषायची नेहमीची वाटही हे विष बंद करतं. पण सोडियम आणि ग्लुकोजच्या जोडीची वाट मात्र शाबूत राहते! रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग शहरातल्या परिषदेत ही जोडीची कल्पना मांडली होती. तिचा कॉलऱ्याच्या पेशंटवर उपयोग होतो हे डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये ढाक्याला दाखवलं, सलाइन निम्म्याहून कमी लागलं.

आणि मग १९७१. बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या छावणीत दाटीवाटीने राहत होते आणि कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे गेले तेव्हा हॉस्पिटलच्या जमिनीवर पेशंट पडलेले, सलाइन संपत आलेलं. त्यांनी एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा अशी पाकिटं करून घेतली, ती ड्रममधल्या पाण्यात मिसळून नातेवाइकांच्याच हाती दिली आणि पाजत राहा म्हणून सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. तोवर मोठेमोठे डॉक्टर म्हणत होते की हे घरच्या लोकांच्या हातात द्यायचं काम नाही. २०२२ मध्ये डॉ. महालनबीस गेले, त्यानंतर २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. जिवंतपणी मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आता खोक्यातल्या गोड पाण्याबद्दल, आणि इथेच सासूबाईंचं थोडं बरोबर आहे. ओआरएसमध्ये साखर हवी पण मोजकी. जागतिक आरोग्य संघटनेचं (डब्ल्यूएचओ) २००२ पासूनचं प्रमाण आहे एक लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. त्यात सोडियम आणि ग्लुकोजचे कण सारखेच पडतात, लिटरला ७५-७५ मिलीमोल. आधीच्या फॉर्म्युल्यात साखर आणि मीठ दोन्ही जास्त होतं, ते कमी केल्यावर मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी झाल्या. ज्या पेयात साखर कितीतरी जास्त आणि मीठ नावापुरतं असतं तिथे सगळी साखर शोषली जात नाही, उरलेली आतड्यातच राहते आणि शरीरातलं पाणी स्वतःकडे ओढून घेते. म्हणजे जुलाब वाढले! खोक्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस लिहून अशी गोड पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने पेयांच्या नावात हा शब्द वापरायला बंदी केली, तरी घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलाय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.

पाकीट जेवढ्या पाण्याचं आहे तेवढ्याच पाण्यात पूर्ण टाकायचं, एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात चिमूटचिमूट टाकत बसायचं नाही, त्याने प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याने, हळूहळू. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू करा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ घातलेली तांदळाची पातळ पेजही चांगली, कारण तांदळातल्या स्टार्चचं आतड्यात ग्लुकोजच होतं, आपल्या आज्या हे करतच आल्यात. अंगावरचं दूध अजिबात बंद करायचं नाही, आणि डॉक्टर झिंक देतात ते जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायचं. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, पीत नाही किंवा शीमधून रक्त जातंय, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका.

प्रश्न: माझं वय ६८. रुटीन तपासणीत पोटॅशियम ६.१ आलं, घरात सगळे घाबरले. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, परत रक्त घेतलं, तर ४.४. लॅबने चूक केली का? (सेवानिवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, मशीनने बहुतेक बरोबरच मोजलं असेल. नळीतल्या रक्तातच तेवढं पोटॅशियम होतं, फक्त तुमच्या अंगातल्या रक्तात ते तेवढं नव्हतं.

शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आत लिटरला १४० मिलीमोलच्या आसपास, बाहेर रक्तात ४, आणि सोडियमचं बरोबर उलटं, बाहेर १४० आणि आत १०-१५. हा फरक आपोआप राहत नाही, थोडी गळती सतत चालू असते आणि ती उलटी फिरवायला प्रत्येक पेशीच्या पटलावर एक पंप अहोरात्र चालतो. एका एटीपी रेणूच्या (हे पेशीचं इंधन) ऊर्जेवर तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कमध्ये आरहूसच्या येन्स स्कौ यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायातल्या नसा वाटून १९५७ मध्ये हा पंप शोधला, त्यासाठी नोबेल मिळालं १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी. आपण गादीवर नुसते पडून असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा या पंपावर जातो. वरच्या उत्तरात आतड्याच्या पेशीत सोडियम शिरतं म्हटलं ना, तेसुद्धा हा पंप आतलं सोडियम उपसून कमी ठेवतो म्हणूनच शिरतं.

आता रक्त नळीत घेतलं आणि त्यातल्या पेशी वेगळ्या न करता तासन् तास राहिलं, किंवा तसंच फ्रिजमध्ये ठेवलं, तर थंडीने पंप मंदावतो, गळती चालूच राहते, आणि लाल पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. रक्त घेताना जोर लावून ओढलं तर लाल पेशी फुटतात, तेव्हाही तेच. दंडाला पट्टा बांधून मूठ खूप वेळा उघड-बंद केली तर स्नायूंतून पोटॅशियम रक्तात येतं, तोही घोळ होतो. डॉक्टरांनी ईसीजी काढून परत तपासलं हे अगदी योग्य केलं. ६.१ खरंच असतं तर हृदयाच्या ठोक्यांना धोका होता, म्हणून असा रिपोर्ट आला की तो खोटाच असणार असं धरून कोणी घरी बसू नये, विशेषतः किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर. आणि हो, लो सोडियम मीठ म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, किडनीच्या पेशंटनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

याच पंपाबद्दल अजून एक, कारण आपल्याकडे ते अंगणात असतं. पिवळी कण्हेर, जिच्या बिया बिट्ट्या म्हणून मुलं खेळायला घेतात, तिच्यातलं विष हाच पंप अडवतं. हृदयासाठी देतात ते डिगॉक्सिनही तिथेच काम करतं, पण मोजून. बिट्टी तोंडात गेली तर उलटी होतेय का बघत बसू नका, सरळ ईसीजीची सोय असलेल्या हॉस्पिटलला न्या.

प्रश्न: आमच्याकडे विंचू फार. चावतो पायाला आणि त्रास होतो छातीत, असं का? (शेतकरी, रत्नागिरी जिल्हा)

दादा, लाल विंचवाचं विष थेट नसांच्या पटलावर जातं. नसेतून संदेश जातो तो सोडियमच्या चॅनेलमुळे, म्हणजे पटलातल्या प्रथिनाच्या उघड-मीट होणाऱ्या दारामुळे, चॅनेल क्षणभर उघडतं, सोडियम आत घुसतं, चॅनेल मिटतं. वर सांगितलेला पंप सेकंदाला काही शेकडा आयन (सोडियम-पोटॅशियमसारखे भार असलेले कण) हलवतो आणि उघडं चॅनेल सेकंदाला लाखोंनी, त्यामुळे ते वेळेवर मिटणं फार महत्त्वाचं असतं. विंचवाचं विष ते मिटूच देत नाही आणि पोटॅशियमची काही चॅनेल बुजवून टाकतं. मग आपल्या इच्छेबाहेर चालणाऱ्या नसा नुसत्या सुटतात, अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, दरदरून घाम, गार हातपाय, बीपी वर, हृदयावर ताण आणि शेवटी फुप्फुसात पाणी. यावर सगळ्यात मोठं काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांचं आहे. प्राझोसिन ही बीपीची साधी स्वस्त गोळी त्यांनी वापरली. ती चॅनेलला हातही लावत नाही, पण त्या पुरामुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते, आणि कोकणात किती जीव त्याने वाचले. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस, म्हणजे विषावरचा उतारा असलेलं इंजेक्शन, दिली तर पेशंट अजून लवकर सावरतो. ही गोळी स्वतःहून घ्यायची नाही, बीपी घसरतं. मंत्र-उतारा यात वेळ घालवू नका, नुसत्या वेदना असतील तरी दवाखान्यात काही तास देखरेखीखाली राहा, मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

प्रश्न: कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ते पटलातून कसं येतं, पाणी तर तेलातून जात नाही ना? (गृहिणी, डोंबिवली)

थोडंथोडं जातं, पण भरभर जायला वेगळी प्रथिनं आहेत, अॅक्वापोरिन. १९९२ मध्ये पीटर अॅग्रे यांच्या टीमने बेडकाच्या अंड्यांत हे प्रथिन तयार करवलं आणि अंडी साध्या पाण्यासारख्या पातळ द्रावात ठेवली, काही मिनिटांत ती फुगून फुटली, प्रथिन नसलेली तशीच राहिली. नोबेल २००३ मध्ये. कैरीच्या बाहेर मिठाचं प्रमाण वाढतं, आतलं पाणी बाहेर येतं, फोडी आक्रसतात. लोणचं टिकतं तेही यामुळेच, जंतूंच्या पेशीतलं पाणीही मीठ असंच काढून घेतं.

प्रश्न: शुगरसाठी मला डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. लघवीत साखर +++ आली. औषध काम करत नाही का? (वाचक, पुणे)

उलट, ते काम करतंय म्हणूनच आली. किडनी दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळते, त्यात गाळलेली साखर परत रक्तात ओढायचं काम एसजीएलटी-२ करतं, वरच्या आतड्यातल्या प्रथिनाचं भावंड. निरोगी माणसात सुमारे ९० टक्के साखर तेच परत घेतं. तुमची गोळी त्याला अडवते आणि साखर लघवीतून जाते. याचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे, १८३५ मध्ये त्यातून फ्लोरिझिन वेगळं काढलं गेलं होतं, पण ते आतड्यातलं एसजीएलटी-१ सुद्धा बंद करायचं, म्हणून औषध म्हणून चाललं नाही, पुढे फक्त किडनीतल्या प्रथिनावर बसतील असे रेणू बनवले.

लघवीत साखर राहिल्यामुळे त्या भागात बुरशीची खाज येऊ शकते, स्वच्छता ठेवा आणि लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. आणि महत्त्वाचं म्हणजे जुलाब-उलट्या लागल्या, खाणं बंद पडलं, कडक उपास किंवा ऑपरेशन ठरलं तर ही गोळी काही दिवस थांबवावी लागते, नाहीतर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढून गंभीर होऊ शकतं. किती दिवस आधी थांबवायची हे तुमच्या डॉक्टरांकडून आत्ताच विचारून प्रिस्क्रिप्शनवर लिहून घ्या.